काचेआडचा पंच

आतल्या आरशाच्या मागे, फास्टॅगच्या शेजारी, समोरच्या काचेला चिकटून हा डॅशकॅम नावाचा गृहस्थ बसलेला असतो. मुठीत मावेल एवढा देह. एकच डोळा, तोही कायम उघडा. पापणी नाही, मान वळत नाही. गाडी सुरू झाली की एक बारीकशी शीळ घालतो, लाल दिवा लुकलुकवतो आणि कामाला लागतो. समोर जे घडेल ते तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत कार्डावर उतरवायचं, कार्ड भरलं की सगळ्यांत जुना तुकडा पुसून त्या जागी नवा ठेवायचा, गाडीला कुठे धक्का बसलाच तर तेवढा तुकडा कुलूप घालून बाजूला काढायचा. बढती नाही, बदली नाही, रजा नाही. पोलिसांना पंचनाम्यासाठी पंच शोधत फिरावं लागतं. गाडीवाल्याने आपला पंच आधीच काचेला चिकटवून ठेवलेला असतो.

त्याला घरी आणतात तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा भारी असतात. नाना पेठेतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानातला पोरगा खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून सांगतो, ''काका, फोर के घ्या. लांबून नंबर वाचता येईल.'' काका घेतात. पहिल्या आठवड्यात हौसेने क्लिपा घरच्या टीव्हीवर लावल्या जातात. दिवसाच्या क्लिपेत आभाळ पांढरंफटक आणि वडाखालचा रस्ता काळाकुट्ट. रात्रीच्या क्लिपेत पुढच्या गाडीला नंबराच्या जागी नुसता पांढरा चौकोन. काकू सोफ्यावरून विचारतात, ''अहो, एवढे पैसे घालून हेच का?'' आणि गृहस्थाची अब्रू पहिल्याच आठवड्यात जाते.

माझ्या मते हा अन्याय आहे. त्याच्यात खोड्या पुष्कळ, पण त्याच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या खोड्या काचेच्या, उन्हाच्या, सरकारी नंबर प्लेटच्या आणि मालकाच्या आळसाच्या असतात.

त्याच्या डोळ्यापासूनच बघू. आपली बाहुली उन्हात आकसते, अंधारात पसरते. याची कारखान्यात एकदा ठरली ती ठरली. बऱ्याच जणांची एफ १.८ च्या आसपास, म्हणजे चांगली मोठी, कारण बनवणाऱ्याला रात्रीची काळजी जास्त. भर दुपारच्या लाखभर लक्सच्या उन्हात ती बारीक करायची सोय नाही. त्याच्या हातात उरतात दोनच गोष्टी: प्रत्येक चित्राला किती वेळ द्यायचा आणि आलेला प्रकाश किती फुगवायचा. उन्हात तो सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागात काम उरकतो. रात्री तिसाव्या भागापर्यंत थांबतो आणि तेवढंही पुरेनासं झालं की मिळालेल्या तुटपुंज्या प्रकाशाला विजेच्या जोरावर फुगवतो. हे ठरवताना तो बघतो चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी. माणूस कुठे आहे, नंबर कुठे आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पंगतीत एकाच पळीने सगळ्यांना सारखंच वाढत जाणारा वाढपी असतो, तसं त्याचं. आभाळाच्या पानात ओसंडून वाहतंय आणि झाडाखालच्या रस्त्याचं पान कोरडं आहे, तरी पळी तीच.

त्यामुळे त्याला बसवताना पहिली गोष्ट बघायची ती नजर. नवीन मालक हौसेने त्याला जरा वर बघायला लावतात, चित्र देखणं दिसतं म्हणून. मग अर्ध्या चौकटीत आभाळ येतं, सरासरी चढते, तो घाईघाईने प्रकाश कमी करतो आणि रस्ता अंधारात जातो. थोडा खाली झुकवावा. क्षितिज मध्याच्या वर, आभाळ फार तर तिसऱ्या हिश्शाचं. मग ते जळून पांढरं झालं तरी होऊ द्यावं. अपघात तिथे होत नाहीत.

या सरासरीवरच त्याची मुंबई-पुणे रस्त्यावरची सगळी चिडचिड बेतलेली आहे. हिवाळ्यात सकाळी मुंबईहून निघालं की रस्ता आग्नेयेकडे आणि सूर्यही तिकडूनच वर येतो. उन्हाळ्यात संध्याकाळी पुण्याहून परतावं, तर रस्ता वायव्येकडे आणि सूर्य त्याच बाजूला मावळतोय. त्यात भाताण, माडप, कामशेत असे बोगदे. आत शिरताना तो दोन क्षण आंधळा होतो. बाहेर पडताना बोगद्याचं तोंड म्हणजे नुसता पांढरा गोळा, आणि पुढची गाडी त्यात विरघळून जाते. सावरायला लागणारा हा उशीर बऱ्याच अंशी मुद्दाम ठेवलेला असतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक हेडलाइटला दचकून त्याने चित्र उजळ-काळं करायला सुरुवात केली, तर ते पाहवणार नाही.

यावर औषध म्हणून डब्ल्यूडीआर किंवा एचडीआर नावाचं बटण असतं. ते दाबलं की तो पाठोपाठ दोन चित्रं घेतो, एक आखूड वेळाचं, एक लांब वेळाचं, आणि पहिल्यातलं आभाळ व दुसऱ्यातला रस्ता जोडून एक चित्र करतो. उभ्या गाडीतून बघाल तर सुरेख. पण त्या दोन चित्रांमध्ये बाजूची मोटारसायकल थोडी पुढे गेलेली असते. मग तिला दोन कडा येतात आणि नंबराचा ८ आहे की ३ यावर घरात मतभेद होतात. कडक उन्हात, चांगल्या उजेडाच्या मोकळ्या रस्त्यावर मी हे बटण बंद ठेवण्याच्या बाजूचा आहे. सावल्यांच्या घाटात चालू. गाडी चालवताना कोण असली उठाठेव करणार, हा प्रश्न रास्त आहे.

आता गणपती. मराठी माणसाच्या गाडीत डॅशबोर्डवर गणपती असतोच. त्याच्यापुढे सकाळचं जास्वंद, शेजारी पांढरा नॅपकिन, टोलच्या पावत्या. ऊन वरून पडलं की हे सगळं समोरच्या काचेत उमटतं. आपल्याला ते फारसं जाणवत नाही, कारण आपलं लक्ष लांबच्या रस्त्यावर असतं आणि मेंदू जवळचं गाळून टाकतो. या गृहस्थाला गाळणं माहीत नाही. त्याच्या क्लिपेत पुण्यापासून खोपोलीपर्यंत ट्रकच्या पाठीवर, टोलनाक्याच्या छपरावर, ढगांत, सगळीकडे गणपती विराजमान. नॅपकिन तर अख्ख्या डाव्या लेनवर धुक्याचा पट्टा होऊन पसरलेला. लोक याला कॅमेऱ्याचं धुरकटपण समजतात आणि दुकानात बदलून मागतात.

स्वस्तातला उपाय म्हणजे डॅशबोर्डवर काळं, चमक नसलेलं कापड अंथरणं आणि पावत्या-नॅपकिन खणात टाकणं. गणपतीला हलवा असं सांगणं माझ्याच्याने होत नाही. त्यापेक्षा दुसरा उपाय बरा: डोळ्यापुढे पोलरायझर फिल्टर. या फिल्टरमागची गोष्ट १८०८ सालची. पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालूस नावाचा इंजिनिअर आइसलँड स्पारच्या स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचं मावळतीचं ऊन बघत होता. स्फटिक फिरवला तशी खिडकीतली चमक कमी-जास्त होऊ लागली. काचेवरून परतलेल्या प्रकाशाला एक ठरावीक दिशा चढते, हे त्याच्या ध्यानात आलं; आजच्या भाषेत, त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलू लागतात. पुढे १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने हे कोणत्या कोनात सर्वांत जास्त होतं याचा नियम बांधला. काचेसाठी तो कोन सुमारे ५६ अंश येतो, आणि त्या कोनातून परतलेली चमक फिल्टर जवळजवळ पूर्ण अडवू शकतो. हल्लीच्या गाड्यांच्या समोरच्या काचा बऱ्याच तिरक्या असतात, त्यामुळे डॅशबोर्डची चमक या कोनाच्या फार लांब नसते. फिल्टर हळूहळू फिरवायचा, पडद्यावर गणपती अंतर्धान पावला की थांबायचं. राजवाड्याच्या खिडकीतलं ऊन दोनशे वर्षांनी देहूरोडच्या सिग्नलला असं कामी येतं.

पण फिल्टरचा एक कर आहे: तो निम्म्याहून जास्त प्रकाश खातो. दिवसा त्याची फिकीर नाही, उलट बरंच. रात्री मात्र तो काढलाच पाहिजे, आणि इथेच गाडं अडतं. संध्याकाळी सहा वाजता आरशामागे हात घालून फिल्टर काढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा लावला की तो दिवाळी ते दिवाळी तिथेच. मग रात्रीचं चित्र काळं पडलं की पुन्हा शिव्या गृहस्थाला. मागच्या कॅमेऱ्याला तर हा फिल्टर लावूच नये. मागची काच तापवून कडक केलेली असते, तिच्यातले ताणाचे ठिपके फिल्टरमधून उमटतात आणि सगळ्या रस्त्याला देवी आल्यासारख्या दिसतात.

त्याची आणखी एक विचित्र खोड भर दिवसा चौकात कळते. सिग्नल हिरवा होता, तुम्ही शपथेवर सांगाल. क्लिप थांबवून बघाल तर तिन्ही दिवे विझलेले. सिग्नलमधले एलईडी विजेच्या लहरींबरोबर फडफडू शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिव्याला सेकंदात शंभर झोके. आपल्या डोळ्याला ती फडफड कळत नाही. हा उन्हात हजाराव्या भागाइतकाच वेळ बघतो. तेवढ्यात दिवा नेमका झोक्याच्या तळाशी असला तर त्याच्या लेखी विझलेला. एका फ्रेममध्ये लागलेला, पुढच्यात गेलेला. पुरावा म्हणून कोणी एकच फ्रेम छापून घेतली आणि ती नेमकी विझलेली निघाली, तर चौकातला सिग्नलच बंद होता असा निष्कर्ष निघायचा. सेटिंगमध्ये ५० आणि ६० असे दोन आकडे असतात. आपल्याकडे ५० लागतो, आणि काही कॅमेरे ६० वर ठेवूनच येतात. रात्री याने फरक पडतो. दिवसा फारसा नाही, कारण उन्हात त्याला जास्त वेळ बघणं परवडतच नाही.

एप्रिलच्या दुपारी गाडी उघड्यावर लावली की त्याची अवस्था बघवत नाही. काचेला चिकटलेला, म्हणजे उन्हाच्या अगदी तोंडी. बंद गाडीत पारा साठीच्या पुढे सहज जातो, काचेजवळ त्याहून वर. अशा वेळी चिकटपट्टी सुटून तो खाली पडलेला आढळतो. पोटात लिथियमची बॅटरी असली तर ती फुगते. म्हणून आपल्या हवेत बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला घ्यावा. डोळ्यामागची चकती तापली की अंधारातही तिच्यात खोटे ठिपके उमटतात. तापलेल्या गाडीत बसून लगेच क्लिपेची प्रत तपासू नये, एवढं सौजन्य त्याला दाखवावं.

अंधार पडला की हा वेगळाच माणूस होतो. दिवसा उतावळा, रात्री रेंगाळणारा.

प्रकाश कणाकणाने येतो, आणि कणांच्या मोजणीत थोडी चूकभूल निसर्गतःच असते. एका ठिपक्यावर १०,००० कण पडले तर ती साधारण १०० ची, म्हणजे शेकडा एक. कण १०० च असतील तर चूकभूल १० ची, म्हणजे शेकडा दहा. हा हिशेब कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. अंधारात चित्रावर जी रवाळ खळबळ दिसते ती हीच. आणि फुगवायचं म्हटलं की प्रकाशासोबत तीही फुगते. मग आतला प्रोसेसर ती पुसायला निघतो. मागच्या-पुढच्या फ्रेमा एकमेकींत मिसळतो, कडा गुळगुळीत करतो. रस्ता स्वच्छ दिसू लागतो आणि त्या पुसण्यात नंबरही पुसला जातो. वर कार्डावर लिहायला दर सेकंदाला ठरावीकच जागा. ती खळबळ लिहिण्यातच खर्च झाली की कामाच्या गोष्टींना उरते थोडी.

इथे नाना पेठेतल्या पोराचं फोर के आठवावं. सोनीची आयएमएक्स ३०७ नावाची चकती आहे, तिच्यावर वीसेक लाख ठिपके, प्रत्येक ठिपका २.९ मायक्रॉनचा. त्याच कंपनीची आयएमएक्स ४१५ साधारण तेवढ्याच मापाची, पण तिच्यावर ठिपके ऐंशी लाखांवर, प्रत्येक १.४५ मायक्रॉनचा. क्षेत्रफळ पावपट. येणारा प्रकाश तेवढाच, वाटेकरी चौपट. दिवसा वाटेकरी जास्त असलेले बरे, बारीक अक्षर सुटं दिसतं. रात्री प्रत्येकाच्या वाट्याला आलेला प्रकाश इतका थोडा, की ठिपके एकमेकांत मिसळूनच भागवावं लागतं आणि फोर केचा पुष्कळसा फायदा तिथेच संपतो. २०२१ नंतरच्या सोनीच्याच स्टार्व्हिस २ पिढीने यात सुधारणा केली आहे. त्यातली आयएमएक्स ६७८ मोठ्या मापाची आहे, तिचा ठिपका २ मायक्रॉनचा. घ्यायचाच असेल तर खोक्यावर केचा आकडा बघण्याआधी चकतीचं नाव विचारावं. दुकानदार जरा आदराने बोलायला लागतो, हा वरचा फायदा.

तरीही गणित कठोर आहे. चौकटीचा आडवा पसारा सव्वाशे अंशांचा धरला, तर १९२० ठिपक्यांत दर अंशाला जेमतेम पंधरा ठिपके येतात. गाडीची नंबर प्लेट ५०० मिलिमीटर रुंद. दहा मीटरवरून ती तीन अंशांहूनही कमी जागा व्यापते, म्हणजे पंचेचाळीसच्या आत ठिपके. त्यांत दहा अक्षरं-आकडे बसवायचे. एकाच्या वाट्याला चार ठिपके. चार ठिपक्यांत ८ आणि ३ वेगळे काढून दाखवणारा देव अजून जन्मला नाही. फोर केने आडव्या ओळीतले ठिपके दुप्पट होतात, म्हणजे तेच अंतर वीस मीटर होतं; अर्थात भर उजेडात, आणि काच पुसलेली असेल तर. रात्री त्यावर वेगाची भर. समोरून साठने येणारी गाडी आणि तुम्हीही साठला, तर सेकंदाच्या तिसाव्या भागात दोघांमधलं अंतर एक मीटरहून जास्त कमी होतं. शेजारून जाताना तिचा नंबर म्हणजे एक लांब ओरखडा. दिवसा, हजाराव्या भागात, हेच अंतर तीन-साडेतीन सेंटिमीटर असतं. सिनेमात पोलीस अधिकारी ''झूम करो'' म्हणतो आणि नंबर उजळत जातो. ते बघून वाढलेल्या पिढीला हे पटवणं अवघड आहे.

आणि तो पांढरा चौकोन? त्याचा दोष थोडा सरकारकडेही जातो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांसाठीची मुदत २०२५ साली पुन्हापुन्हा वाढत गेली आणि गाडीवाल्यांनी अपॉइंटमेंटसाठी कशी धावपळ केली ते सगळ्यांना आठवत असेल. या प्लेटवरचा थर आलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. तुमच्या हेडलाइटचा झोत तिच्यावर पडतो आणि सरळ तुमच्याकडे परततो, म्हणजे गृहस्थाच्या डोळ्यात. बाकी चौकट काळीभोर. सरासरी काढून तो वाढपी सढळ हाताने वाढतो, आणि बिचारी प्लेट उतू जाते. माणसाच्या डोळ्यासाठी ही प्लेट उत्तम, याच्यासाठी शिक्षा. मेन्यूत ईव्ही नावाचं सेटिंग असतं. ते रात्रीसाठी उणे अर्धा ते उणे एकपर्यंत खाली आणलं की चित्र काळवंडतं, काकूंना आवडत नाही, पण नंबर वाचता येण्याची शक्यता वाढते. अप्परवरून डिप्परवर आलात तरी फरक दिसतो. सिग्नलला दोन्ही गाड्या उभ्या असतानाच्या दोन-चार सेकंदांत तो जे टिपतो, ते तासभराच्या प्रवासापेक्षा मोलाचं असतं.

याहून साधी गोष्ट मला एका टूरिस्ट गाडीवाल्या दादांनी सांगितली. कोणी कट मारून पळाला की ते नंबर मोठ्याने म्हणतात. गृहस्थाला कानही आहे, आणि रात्री डोळ्यापेक्षा त्याचा कान कितीतरी तल्लख. ''पांढरी स्विफ्ट, एमएच चौदा...'' असं पूर्ण बोलून टाकायचं, ते वेळेसकट नोंदलं जातं. आवाज चालू ठेवण्याची किंमत एवढीच, की लोणावळ्याच्या आधी डावीकडे वळ म्हटलं होतं की नव्हतं, हा घरगुती खटलाही पुराव्यानिशी जतन होतो.

आता काच. रात्री समोरून अप्पर मारत ट्रक येतो आणि क्लिपेत त्याच्या दिव्यांना हातभर झालर दिसते. लोक लेन्सला दोष देतात. खरं तर समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला एक तेलकट थर बसत असतो: तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून सुटणारा, उदबत्तीचा, अत्तराच्या बाटलीचा. दिवसा दिसत नाही. रात्री प्रत्येक दिवा त्याच्यावर फुटतो. बाहेरून वायपर रोज पुसतो, आतून कोणी नाही, कारण आरशामागे हात पोहोचत नाही. पोहोचवावा. जुनं वर्तमानपत्र चालतं, स्वच्छ मायक्रोफायबर त्याहून बरं. वायपर जिथपर्यंत फिरतो त्या पट्ट्यातच कॅमेरा बसवलेला असावा, नाहीतर पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना तो आपला एकच थेंब बघत बसतो. आणि हे लिहायला संकोच वाटतो, पण लेन्सवरचं कारखान्यातलं पारदर्शक प्लॅस्टिक आधी काढावं. सीटचं कव्हर तीन वर्षं न काढणाऱ्या समाजात ही सूचना अनाठायी नाही.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग या आंधळ्याला बाळगायचं कशाला? त्याच्या कुळाचा इतिहास बघावा. १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी नऊ-वीसच्या सुमारास रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर वीसेक मीटर व्यासाची अशनी सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटली. तिचं तेज काही क्षण सूर्यापेक्षा जास्त होतं. त्या क्षणी तिथल्या असंख्य गाड्यांत याचे भाईबंद काचेला चिकटून बसले होते, कारण रशियात अपघाताच्या भांडणांपायी ते फार पूर्वीच घरोघरी गेले होते. त्यांची चित्रं बघा: आधी सगळं पांढरं, मग त्यांनी घाबरून प्रकाश इतका उतरवला की दिवसाढवळ्या रस्ता काळा. दुकानात परत न्यावी अशीच चित्रं. पण शास्त्रज्ञांनी त्यांच्यावरूनच अशनीचा मार्ग काढला. जिथे चित्रं घेतली गेली त्या जागी पुन्हा जाऊन, रात्रीच्या ताऱ्यांशी ताडून दिशा मोजल्या. खांबांच्या फिरत्या सावल्या मोजल्या. कॅमेऱ्यांनी आपणहून किती प्रकाश उतरवला याचा हिशेब वजा करून तेज ठरवलं. ती वस्तू लघुग्रहांच्या पट्ट्याकडून आली हे अशाच साक्षींवरून कळलं. त्याचा स्वभाव माहीत असला की त्याची चूकसुद्धा मोजता येते.

कोर्टात मात्र त्याचा स्वभाव कोणी विचारत नाही, कागद विचारतात. याचा निवाडा महाराष्ट्रातल्याच एका व्हिडिओवरून झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातल्या एका उमेदवारी अर्जाची वेळ दुपारी तीनच्या मुदतीनंतरची होती का, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणापर्यंत गेला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच घेऊन मालक साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे प्रमाणपत्र कलम ६३ खाली येतं, आणि त्यात फाइलचा हॅशही लिहावा लागतो. म्हणजे क्लिप व्हॉट्सअॅपवर मेहुण्याला पाठवून, त्याच्याकडून परत मागवून चालत नाही. त्या वाटेत तिची घडण बदललेली असते. कार्ड काढून बाजूला ठेवावं, नवं घालावं. आणि एक लक्षात असू द्यावं: जीपीएसवाला असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात तुमचाही वेग लिहिलेला असतो. एक्सप्रेसवेच्या सपाट भागातली ताशी १०० ची मर्यादा तुम्ही पाळली होती की नाही, हेही तो त्याच आवाजात सांगतो.

राहता राहिलं त्याचं घड्याळ. गाडी महिनाभर उभी राहिली, आतला बारीक सेल दमला, की तो काळ विसरतो आणि कारखान्यातल्या पहिल्या दिवसावर जातो. मग क्लिपेत वायपर धो धो पाऊस उपसतायत, रेनकोट घातलेला मोटारसायकलवाला आडवा येतोय, आणि खाली कोपऱ्यात ठळक अक्षरांत तारीख १ जानेवारी. महिन्यातून एकदा कार्ड फॉरमॅट करायचं असतं, तेव्हाच ही तारीख-वेळही नजरेखालून घालावी. समोरच्या वकिलाला एवढं एक पुरतं.